ट्राउटसाठी फ्लाय कशी निवडायची: खान्देशातल्या नवशिक्यांसाठी

खान्देशात ट्राउट नाही. तापीत नाही, गिरणेत नाही, पांझरेत नाही, हतनूरच्या धरणात नाही आणि तोरणमाळच्या यशवंत तलावातही नाही. कुणी आणून सोडला तरी तो पहिला उन्हाळा काढणार नाही. म्हणजे ट्राउट धरायचा तर हिमाचल, काश्मीर, उत्तराखंड, सिक्कीम किंवा दक्षिणेत निलगिरी-मुन्नारकडे जावं लागतं. पण तिथे जाण्याआधी जे शिकायचं असतं, त्यातलं बरंचसं जळगाव-धुळ्यात बसून शिकता येतं.

नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो, "कोणती फ्लाय घेऊ?" फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस, दोरा आणि तार बांधून केलेला खोटा किडा. बाजारात त्याची शेकडो नावं आहेत आणि विकणाऱ्याला ती सगळी तुमच्या डबीत हवी असतात. खरं तर मासा पाण्याच्या कोणत्या थरात खातोय, तो खातोय तो किडा केवढा आहे, आणि आपली फ्लाय पाण्याच्या वेगाने वाहतेय की दोरीने ओढली जातेय, एवढं कळलं तर सहा-सात प्रकारांत काम भागतं. रंग आणि नाव यांचा नंबर फार नंतर लागतो.

थंड पाण्याचा मासा

ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. त्या पाण्यात तो भरपूर खातो आणि अंगात जोर असतो. पाणी २० अंशांच्या वर गेलं की तो खाणं सोडतो, आणि २५ च्या आसपास बराच वेळ राहिलं तर मरू लागतो. कारण प्राणवायूचं आहे. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. त्यात गरम पाण्यात माशाच्या शरीराची गरज वाढलेली असते. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा धरणाच्या काठच्या पाण्यात काय होत असेल याचा अंदाज कुणालाही येईल. रोहू, कटला, मरळ, चिलापी हे त्या पाण्यातले गडी आहेत. मरळ तर तोंड वर काढून हवेतला श्वास घेते.

भारतात ट्राउट मुळात नव्हताच. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर त्याची अंडी बोटीने आणली. काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास बस्तान बसलं, कुलू खोऱ्यात १९०९ च्या आसपास. आज आपल्याकडे ब्राउन आणि रेनबो असे दोन प्रकार मिळतात. नद्यांमध्ये जास्त करून ब्राउन सापडतो आणि तो जास्त सावध असतो. रेनबो मत्स्यशेतीत जास्त वाढवतात.

लाइनचं वजन, फ्लायचं नाही

आपल्याकडच्या गळात शिसं किंवा कणकेचा गोळा वजन देतो आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. फ्लायला वजन जवळपास नसतं, म्हणून ती फेकता येत नाही. इथे जाड, प्लास्टिकचा लेप दिलेली लाइनच फेकायची असते आणि फ्लाय तिच्या टोकाला बसून जाते. हे एकदा डोक्यात बसलं की सामानाचे आकडे आपोआप उलगडतात.

लाइनला नंबर असतो. तो पुढच्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. ५ नंबरच्या लाइनच्या या भागाचं वजन सुमारे ९ ग्रॅम, ४ नंबरचं पावणेआठ, ६ नंबरचं साडेदहा. रॉडवरही तोच नंबर छापलेला असतो आणि दोन्ही जुळले पाहिजेत. ६ नंबरच्या रॉडवर ४ ची लाइन चढवली तर रॉड वाकतच नाही, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलाच हात वाईट आहे.

हिमाचलच्या नद्यांसाठी ९ फुटी, ५ नंबरचा, मध्यम लवचिक रॉड घ्या. फार कडक रॉड लांब फेकणाऱ्या सरावलेल्या हाताला लागतो, नवशिक्याला त्याचं वाकणं जाणवतच नाही. चार तुकड्यांचा घेतला तर नळी पाऊण मीटरच्या आसपास होते आणि रेल्वेच्या बाकाखाली सहज मावते. रीलचं काम इथे बरंचसं लाइन गुंडाळून ठेवण्याचंच आहे, तिच्यावर पैसे घालू नका. उरलेले लाइनवर घाला. तरंगणारी, पुढे जाड असलेली लाइन घ्या; तिच्यावर डब्ल्यू-एफ-५-एफ अशी खूण असते. स्वस्त लाइन गुंडाळीच्या वळणातच राहते आणि हवेत सरळ होत नाही.

रीलवर आधी ५० ते १०० यार्ड बॅकिंग, म्हणजे साधा विणलेला दोरा. त्यावर ८०-९० फुटांची लाइन. लाइनच्या टोकाला ९ फुटी लीडर: जाडीकडून बारीक होत जाणारा तंगूस. आणि लीडरच्या टोकाला दोन-तीन फूट टिपेट, ज्याला फ्लाय बांधायची.

टिपेटची जाडी एक्सने मोजतात आणि हा हिशेब उलटा चालतो. ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, येईल तेवढे इंचाचे हजारावे भाग. ५एक्स म्हणजे ०.००६ इंच, ०.१५ मिलिमीटर. ४एक्स ०.१८ मिलिमीटर. गळाचे नंबरही उलटेच: १६ नंबर १२ पेक्षा लहान. फ्लायच्या नंबराला ३ ने भागलं की टिपेटचा एक्स मिळतो. १२ ला ४एक्स, १६ ला ५एक्स. लहान फ्लायला जाड टिपेट बांधलं तर ती ताठ राहते, पाण्याबरोबर डुलत नाही, आणि मासा जवळ येऊन परत फिरतो. मोठ्या फ्लायला बारीक टिपेट बांधलं तर फेकताना ते पिळवटतं आणि गाठीशी तुटतं.

गाठी तीन पुरतात. टिपेट लीडरला जोडायला सर्जन गाठ, फ्लाय बांधायला पाच वेढ्यांची क्लिंच, आणि लाइन-लीडर जोडायला फास्यात फासा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच कमजोर होतो. मासा "तुटून गेला" असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तंगूस तुटलेला नसतो, गाठ सुटलेली असते. टोक थोडं कुरळं झालेलं दिसलं की समजा, गाठ निसटली.

खळ्यावरचा सराव

हा भाग जळगावात करा, हिमाचलमधल्या तीर्थन नदीच्या काठावर नाही. तिकीट काढून गेल्यावर पहिले दोन दिवस झाडातून फ्लाय काढण्यात घालवणारे पुष्कळ असतात.

गवताळ मैदान, शाळेचं पटांगण, मळणी झालेलं खळं चालतं. सिमेंट आणि मुरूम टाळा, लाइनचा लेप खरवडला जातो. वेळ सकाळची, वारा सुटायच्या आत. लीडरच्या टोकाला गळ नको, कापसाचा बोंडाएवढा नाही, नखाएवढा पुंजका बांधा. त्याने डोळा-कान वाचतात आणि टोक कुठे पडलं ते दिसतं. तरीही टोपी आणि चष्मा हवाच.

रॉडच्या टोकाबाहेर २५-३० फूट लाइन काढून समोर सरळ पसरा. रॉडचं टोक जमिनीजवळ. आता हळू सुरुवात करून वेग वाढवत रॉड मागे आणा आणि डोक्याच्या जरा मागे, घड्याळात एक वाजता काटा असतो तिथे, झटकन थांबा. थांबणं हाच सगळा मुद्दा आहे: रॉड थांबतो तेव्हा त्यात साठलेला जोर लाइनमध्ये जातो आणि लाइनचा वेढा मागे उलगडू लागतो. तो पूर्ण उलगडेपर्यंत वाट पाहा. मान वळवून खुशाल बघा, सरावात त्यात लाज नाही. मग तसाच वेग वाढवत पुढे आणा, दहाच्या काट्यावर थांबा, आणि लाइन जमिनीवर उतरत असताना रॉड खाली घ्या.

बैलगाडीवाल्याचा आसूड ज्याने पाहिलाय त्याला हे समजावं लागत नाही. मुठीकडे जाड, टोकाला बारीक. हाताचा थोडा जोर टोकाला पोचेपर्यंत मोठा वेग होतो. फरक एवढाच की आसूड वाजला पाहिजे आणि लाइन वाजता कामा नये. मागे फट् असा आवाज आला म्हणजे तुम्ही लाइन उलगडायच्या आधीच पुढे ओढली. नदीवर त्या आवाजासरशी फ्लाय तुटून जाते आणि तुम्ही अर्धा तास बिनफ्लायचं पाणी झोडपत बसता.

मागची लाइन जमिनीला टेकते, कारण मनगट मोडून रॉड फार मागे जातो. मनगटाशी रॉडचा दांडा शर्टाच्या बाहीत खोचून किंवा रुमालाने बांधून सराव करा, दोन दिवसांत सवय सुटते. लीडरमध्ये आपोआप गाठी पडतात, त्याला वाऱ्याचा दोष देतात. दोष बहुधा वाऱ्याचा नसतो. पुढच्या फेकीत सुरुवातीलाच धसका दिला की रॉडचं टोक खाली दबतं आणि वरची लाइन खालच्या लाइनला आडवी जाते. लाइन पुढे ढिगाऱ्यासारखी कोसळते, तेव्हा एक तर थांबणं मवाळ झालेलं असतं किंवा सुरुवातीला लाइनमध्ये ढील राहिलेली असते. जोर वाढवणं हा यातल्या कशावरच उपाय नाही, आणि नेमका तोच सगळ्यात आधी सुचतो.

रोज पंधरा-वीस मिनिटं भरपूर झाली. सलग दोन तास केलं तर थकलेला हात चुका पक्क्या करतो. ३० फुटांवर ठेवलेल्या घमेल्यात पुंजका दहापैकी पाच वेळा पडू लागला की ट्राउटसाठी पुरे. पहाडी नद्यांत बहुतेक मासे ३० फुटांच्या आतच धरले जातात. मागे झाडं असली की वापरायचा रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न उडवता फेकायची पद्धत, मात्र गवतावर नीट होत नाही. त्याला पाण्याची पकड लागते, त्यासाठी तळ्यावर जा.

लाइन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत लेप मऊ होऊन चिकटतो. डास पळवणारं डीटवालं मलम हाताला असेल तर लाइनला हात लावू नका, तेही प्लास्टिक खातं. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात सौम्य साबणाने पुसली की पुन्हा तरंगते.

ट्राउट काय खातो

पहाडी नदीत त्याचं मुख्य अन्न म्हणजे पाण्यातले किडे. चार गट ओळखता आले तर फ्लायच्या डबीत अर्थ दिसू लागतो.

मेफ्लाय पाण्याखाली निम्फ (पंख न फुटलेलं पिल्लू) म्हणून महिनोन्‌महिने, काही जातींत वर्षभर राहते. निम्फच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना हलणारे कल्ले असतात आणि मागे दोन किंवा तीन शेपट्या. वेळ आली की ती पृष्ठभागावर येते, कात टाकते, आणि पंख वाळेपर्यंत तिथेच तरंगते. पंख पाठीवर उभे असतात. हवेतलं आयुष्य काही तासांचं, फार तर एक-दोन दिवसांचं. तोंड कामाचंच नसतं, खायचं नसतंच. कॅडिसची अळी वाळू-काड्यांचं नळकांडं बांधून त्यात राहते, मग कोश, मग पंखवाला किडा, ज्याचे पंख पाठीच्या दोन्ही बाजूंना उतरते असतात. स्टोनफ्लायला शेपट्या दोनच, आणि ती खळाळत्या, स्वच्छ पाण्यात सापडते. पंख फुटायच्या वेळी दगडावर चढून येते. चौथी चिलटं. अगदी बारीक, पण थंडीत बाकी काही नसतं तेव्हा तीच असतात. शिवाय काठावरून पडणारे मुंग्या, भुंगे, नाकतोडे.

हे किडे बघायला कुलूला जायची गरज नाही. पावसाळा ओसरल्यावर सातपुड्यातून उतरणाऱ्या ओढ्यांत, अनेर-सुकीच्या वरच्या अंगाला वाहत्या पाण्यातला तळहाताएवढा दगड उलटा करा. मेफ्लायच्या निम्फ आणि कॅडिसची नळकांडी तिथेही चिकटलेली असतात. जाती वेगळ्या, घडण तीच. दगड नंतर होता तसा ठेवून द्या.

आता फ्लाय. जी पृष्ठभागावर तरंगते ती ड्राय. जी अळी-निम्फचं सोंग घेऊन बुडते ती निम्फ. पृष्ठभागाच्या जरा खाली वाहणारी, मऊ पिसांची ती वेट. आणि लहान माशाचं सोंग घेणारा, ओढून फिरवायचा तो स्ट्रीमर. लोकांना ड्राय आवडते कारण मासा वर येऊन घेतो ते डोळ्यांनी दिसतं. पण ट्राउट आपलं बहुतेक खाणं पाण्याखालीच खातो. नवशिक्याने डबीत निम्फ जास्त ठेवाव्यात, असं आमचं मत आहे, मग जुने लोक काहीही म्हणोत.

पहिली डबी अशी भरा. पॅराशूट अ‍ॅडम्स, १४ आणि १६ नंबर. मूळ अ‍ॅडम्स १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बांधली गेली. राखाडी अंगाची ही फ्लाय कोणत्याच एका किड्याची हुबेहूब नक्कल नाही, म्हणून बऱ्याच किड्यांची चालून जाते. पॅराशूट प्रकारात वर पांढरा तुरा असतो, तो आपल्याला दिसावा म्हणून. एल्क हेअर कॅडिस, १४. ही खळाळत्या पाण्यातही बुडत नाही. फेझंट टेल निम्फ, १४ आणि १६. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांची ही रचना. तिच्यात दोरा नाही, फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार एवढंच. हेअर्स इअर निम्फ, १२ आणि १४, डोक्याशी पितळी किंवा टंगस्टनचा मणी असलेली. चिलटाचं सोंग घेणारी काळी झेब्रा मिज, १८. वुली बगर हा स्ट्रीमर, काळा किंवा गर्द हिरवा, ८ किंवा १०. आणि सप्टेंबरात जाणार असाल तर एक मुंगी, १६. प्रत्येकी तीन-तीन घ्या, कारण तळाशी वाहणारी निम्फ दगडात अडकून जाणारच. जात नसेल तर ती तळापर्यंत पोचतच नाहीये.

नदीवर निवड

पाण्याशी पोचल्यावर लगेच फेकू नका. पाच-दहा मिनिटं बघा. पृष्ठभागावर वर्तुळं उठतायत? मासा किडा घेताना नाक किंवा तोंड बाहेर दिसलं तर तो पृष्ठभागावरचाच घेतोय, ड्राय बांधा. फक्त पाठ किंवा शेपटी दिसली आणि तोंड दिसलं नाही, तर तो वर येणाऱ्या निम्फ पृष्ठभागाखालीच टिपतोय. तिथे ड्राय शंभरदा नेली तरी तो बघणार नाही. मणी नसलेली फेझंट टेल किंवा वेट फ्लाय बांधून चार-पाच इंच खालून नेली की घेतो. काहीच वर येत नसेल तर तळाला निम्फ.

मग माप. दगड उलटा करा, जो किडा जास्त संख्येने दिसतो त्याच्या लांबीएवढी फ्लाय घ्या. शंका असेल तर एक माप लहान. मोठी फ्लाय जास्त "दिसते" म्हणून बांधणं ही नवशिक्याची आवडती चूक आहे. सावध माशाला तेच खटकतं. रंगाचं एवढंच बघा की किडा फिकट आहे की गडद.

निम्फ तळाशी नेण्यासाठी लीडरवर एक रंगीत तरंगता ठिपका, इंडिकेटर, बसवतात. फ्लायपासून त्याचं अंतर पाण्याच्या खोलीच्या दीडपट. दोन फूट पाणी, तीन फूट अंतर. वेग जास्त असेल तर फ्लायच्या १५-२० सेंटिमीटर वर शिशाचा बारीक दाणा. इंडिकेटर अधूनमधून अडखळला पाहिजे. अडखळला की रॉड उचला, दगड असो वा मासा. कारण ट्राउट खोटं अन्न तोंडात घेऊन क्षणात थुंकतो, विचार करायला वेळ ठेवत नाही. एकदाही अडखळत नसेल तर फ्लाय बदलू नका, शिशाचा दाणा वाढवा.

फ्लाय बदलण्याआधी तपासायची आणखी एक गोष्ट म्हणजे ओढ. नदीचं पाणी सगळीकडे सारख्या वेगाने जात नाही. मधला प्रवाह लाइन पुढे नेतो, फ्लाय कडेच्या संथ पाण्यात असते, आणि लाइन तिला ओढू लागते. फ्लायमागे इंग्रजी व्हीसारखी रेघ उमटते. खरा किडा असा पळत नाही. उपाय म्हणजे लाइन पाण्यावर पडताच रॉडच्या टोकाने तिचं पोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला उचलून टाकणं. याला मेंडिंग म्हणतात. दुसरा उपाय जास्त सोपा: दोन पावलं जवळ जा आणि कमी लाइन पाण्यावर ठेवा. पाच फ्लाय बदलूनही मासा घेत नाही अशा वेळी दहातल्या आठ वेळा दोष ओढीचा निघतो, हा आमचा अंदाज.

जवळ जायचं ते खालच्या अंगाने. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, मागचं त्याला कमी दिसतं. पाण्याखालून बाहेरचं जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसतं, आणि तिचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोनपट असतो. ३० सेंटिमीटर खोल असलेल्या माशाची खिडकी जेमतेम ६८ सेंटिमीटरची. म्हणून फ्लाय त्याच्या जवळून गेली पाहिजे, आणि म्हणूनच वाकून चाललं तर तुम्ही त्याच्या नजरेत कमी येता. भडक शर्ट घरी ठेवा. मोठ्या दगडाच्या पुढे आणि मागे, जलद-संथ पाण्याच्या सीमेवर, फेस वाहतो त्या रेघेत, डोहाच्या शेपटाशी मासा असतो. नवशिके थेट डोहाच्या मध्यात फेकतात आणि पायापाशी उभे असलेले मासे पळवून लावतात. आधी जवळचं पाणी, मग लांबचं.

ड्राय बुडू लागली की रुमालात दाबून वाळवा, मग फ्लोटंटचा, म्हणजे फ्लाय तरंगती ठेवणाऱ्या औषधाचा, थेंब बोटावर पसरून लावा. जास्त लावलं तर पिसं चिकटतात आणि ती आणखी लवकर बुडते.

घरच्या पाण्यावर

खान्देशात सरावासाठी सगळ्यात कामाची चिलापी. गावतळ्यात, धरणाच्या काठाला थव्याने असते, आणि १२-१४ नंबरची हेअर्स इअर हळू ओढली तर घेते. ५ नंबरच्या रॉडवर पावशेर चिलापीही चांगली झुंजते. मरळीला वुली बगर किंवा तरंगता बेडूक लागतो, पण तिचे दात टिपेट कापतात, १एक्सपेक्षा बारीक नको. रोहूवर वेळ घालवू नका, तो शेवाळ-वनस्पती खाणारा. धरणांचा मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. आधी त्यांना विचारा, आणि त्यांच्या जाळ्यांपासून लांब राहा.

फ्लाय बांधायलाही इथेच शिकता येतं. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली ०.२ मिलिमीटरच्या आतली तांब्याची तार एवढ्यावर सुरुवात होते. मोराच्या पिसाचे तंतू फ्लायच्या अंगाला उत्तम, पण फक्त गळून पडलेलं पीस वापरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोराला पूर्ण संरक्षण आहे. पहिली फ्लाय वुली बगर बांधा. मोठी असते, चुका लपतात.

कधी जायचं

आपल्याला सुट्टी मे महिन्यात मिळते आणि नेमकं तेव्हाच हिमाचलच्या नद्यांत बर्फाचं पाणी उतरतं: फुगलेलं, गढूळ. जुलै-ऑगस्टला पावसाने पुन्हा गढूळ. हिमाचलच्या ट्राउट नद्यांत १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, तो विणीचा काळ. म्हणजे चांगले महिने मार्च-एप्रिल आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर. दसऱ्याची रजा बरोबर बसते. दिवाळीची मात्र कॅलेंडर बघून ठरवा, कधी ती बंदीत जाते. उन्हाळ्याखेरीज पर्याय नसेल तर जूनअखेर-जुलैत काश्मीर बघा. तिथे मोसमी पावसाचा जोर कमी आणि हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर.

हिमाचलमध्ये सुरुवातीला तीर्थन नदी बरी. बंजार खोऱ्यातून येऊन ती लारजीला बियासला मिळते. पाणी स्वच्छ, पात्र लहान, उतरण्याजोगं. बरोटची ऊहल आणि रोहडूकडची पब्बर याही ट्राउटच्या जुन्या नद्या. काश्मीरला लिद्दर आणि ब्रिंगी. भुसावळहून दिल्लीच्या गाड्या भरपूर आहेत, पुढे रस्ता. मत्स्य विभागाचा परवाना सगळीकडे लागतो. किती मासे, किती लांबीचे, कोणत्या साधनाने हे परवान्यावरच असतं, आणि नदीवर राखणदार खरोखर येऊन बघतो.

गळाचा उलटा दात पक्कडने आधीच दाबून टाका. मासा सोडताना गळ सहज निघतो, आणि तुमच्या बोटात घुसला तरी. मासा हातात घेण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. फोटो काढायचा तर पाण्याबाहेर दहा सेकंदांच्या आत. सोडताना फेकू नका. संथ पाण्यात, तोंड प्रवाहाकडे करून, शेपटीशी सैल धरून ठेवा, कल्ले नीट हलू लागले की तो स्वतःच सुटून जातो. खिशात साधा थर्मामीटर ठेवा, आणि दुपारी पाणी १९-२० अंशांना आलं तर रॉड गुंडाळा. त्या पाण्यात दमवलेला मासा सोडल्यावर पोहत गेलेला दिसतो, पण पुष्कळदा नंतर मरतो.